डबाभर जुनी नाणी घेताना मी भाव कसा लावतो

गेल्या महिन्यात साताऱ्याला मित्राच्या काकूंकडे गेलो होतो. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा, नाण्यांनी गच्च भरलेला, चारेक किलो तरी असेल, आणि त्यांना तो देऊन टाकायचा होता. काकू म्हणाल्या, "अरे, मला काय त्यातलं कळतंय, तूच काय तो आकडा सांग आणि उक्तं घेऊन जा."

उक्तं घ्यायचं मी सोडलंय. आधी घ्यायचो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी एक आजोबा फडक्यात बांधून काही चांदीचे रुपये घेऊन आले होते, तीन हजार म्हणाले, मला बघताक्षणी कळलं की नुसती चांदीच दुपटीच्या वर जातीय, तरी गप्प राहून तीन हजार काढून दिले. घरी येऊन मोजताना आनंद झालाच नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम गेलो, त्याच्या पुढच्याही गेलो, आजोबा काही दिसले नाहीत. तेव्हापासून समोरच्याला माहीत नसेल तर आपण सांगायचं आणि मगच पैशाचं बोलायचं, हे मी पक्कं ठरवलंय.

तर काकूंच्या ओसरीवर चादर टाकली आणि डबा उपडा केला. पहिलं काम वेगळं करायचं, भाव नंतर. चांदीचं एकीकडे, तांबं एकीकडे, ॲल्युमिनियमची चिल्लर एकीकडे. मग लोहचुंबक फिरवायचं. एक रुपया टणकन चिकटला, 1947 चा, मागे वाघ असलेला. काकू त्याला चांदीचा समजत होत्या, पण 1947 चे रुपये निकेलचे आहेत, तो बाजूला ठेवला. बाकी चांदीचे निघाले 31.

आता या 31 मध्येच खरी मेख आहे. सगळे दिसायला सारखे, पण व्हिक्टोरिया राणीपासून पाचव्या जॉर्जपर्यंतचा बंदा रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. 1940 ते 45 चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मीच, 5.83 ग्रॅम, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. साल नाही वाचता आलं तर कड बघा, 1940 पासूनच्यांच्या कडेला मधोमध एक बारीक खाच फिरलेली असते, बोटाचं नख लावलं की कळते. काकूंचे 22 राणी-राजा छाप आणि 9 हे निम्मेवाले. म्हणजे 235 ग्रॅम अधिक साडेबावन्न, सगळी मिळून 287 च्या आसपास. कोणी सरसकट काट्यावर टाकून सगळी चांदीच धरली असती तर 361 झाले असते, तिथे घेणारा बुडाला, आणि कोणी "सगळे मिक्स आहेत" म्हणून सगळेच निम्म्यात मागितले असते तर काकू बुडाल्या असत्या. म्हणून एकेक नाणं काट्यावर ठेवायचं, झिजलेलं असतं ते पाव-अर्धा ग्रॅम कमी भरतं, ते तसंच लिहायचं, आणि वही विकणाऱ्याच्या समोर उघडी ठेवायची.

सोनाराकडे नेलं तर तो मोडीचा भाव देणार आणि वर घट कापणार. तो झाला खालचा आकडा, त्याच्या खाली मागणं म्हणजे लूट. मी त्या दिवशीचा चांदीचा भाव घट न कापता लावतो, कारण गिऱ्हाईकाला देताना मला थोडा वर मिळतोच.

मग साल. इथे लोकांचा फार घोळ होतो. काकूंचा पुतण्या 1862 चा रुपया वेगळा धरून बसला होता, "एवढा जुना आहे, लाखभर तरी येतील ना?" त्याला सांगितलं, बाबा, 1862 हे साल घालून सरकारने पुढची बारा वर्षं रुपये पाडले, ते अजून ढिगाने सापडतात. जुनं म्हणजे महाग असं नसतं, कमी उरलंय आणि मागणारे जास्त आहेत ते महाग. याउलट त्याने साधा म्हणून टाकलेला एक 1911 चा होता. त्या वर्षीच्या जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. संग्राहक त्याला डुक्करछाप म्हणतात आणि साध्या जॉर्जपेक्षा जास्त देतात. तो मी काकूंच्या हातात दिला, सोंड कुठे ते दाखवलं, आणि त्याचा हिशोब वेगळ्या पानावर लिहिला. असं नाणं महिन्याभरात जातं, म्हणून माझ्या विक्रीच्या अंदाजाचे रुपयाला बारा आणे मी देतो. (1939 चा रुपया कोणी दाखवला तर मात्र हात आखडता घ्या, तो खरंच दुर्मिळ आहे आणि म्हणूनच बनावट भरपूर आहेत.)

तांब्यात भोकाचे पैसे, पाव आणे आणि चाळीसेक दुदांडी शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी. पाव आणे पुतण्याने चिंच-मीठ लावून लखलखीत घासले होते, इतकं वाईट वाटलं, कारण वर्षानुवर्षं चढलेला तो तपकिरी रंग गेला की संग्राहक हात लावत नाही. ते वजनावर गेले. शिवराईचं अर्धं अक्षर नेहमी नाण्याच्या बाहेरच गेलेलं असतं, छाप मोठी आणि चकती लहान, त्यामुळे "श्री राजा" पूर्ण दिसणारी सात-आठ वेगळी काढली, नगावर. उरलेल्या किलोवर. ज्यांना विकायला मला सहा महिने लागतील त्यांचा मी निम्मा भाव देतो, आणि का निम्मा तेही सांगतो.

चिल्लरचं लवकर उरकलं. तीन पैशाचं षटकोनी नाणं सव्वा ग्रॅमचं, एका किलोत आठशे बसतात, तिथे नगावर भाव बोलायचाच नाही. कमळवाल्या पिवळ्या वीस पैशात सोनं आहे असं काकूंच्या सासूबाई सांगायच्या म्हणे. तसं काही नाही, तांब्याचा तो साधा मिश्रधातू.

पुतण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, भोकाच्या पैशाला सात लाख, आधी थोडी नोंदणी फी भरा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिलाय, ते त्याला वाचून दाखवलं. काकूंचा मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणत होता इकडे आणून विकतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही, हेही फोनवर सांगावं लागलं.

शेवटी पानांची बेरीज केली, आकडा काकूंसमोर ठेवला आणि म्हटलं, आज हो म्हणू नका, सोनाराकडे विचारून घ्या, वही तुमच्याकडेच ठेवतो. चार दिवसांनी फोन आला. सगळं घेऊन जा म्हणाल्या, फक्त कडी लावलेले पाच रुपये नको, ते सासूबाईंच्या माळेतले होते. कडीच्या डागामुळे माझ्या हिशोबात ते नुसत्या चांदीच्या भावातच होते, साडेत्रेपन्न ग्रॅम वजा केले. डब्यात रामदरबाराचं एक टोकनही होतं, 1818 साल घातलेलं, नंतर कोणीतरी बनवलेलं, त्याची किंमत मी शून्य लिहिली होती. ते काकूंनी धुऊन देवघरात ठेवलंय.