कपाटाची किल्ली

परवा शनिवारी आमच्या संस्थेची वार्षिक सभा झाली आणि अकरा वर्षांनी मी खजिनदारपद सोडलं. कपाटाची किल्ली, पावतीपुस्तकं, पासबुक, चेकबुक सगळं टेबलावर मांडलं, यादीवर सही केली आणि घरी आले. रात्री काही केल्या झोप लागेना. शेवटी उठून लिहायला बसले.

संस्था लहान आहे. सोलापूरच्या बुधवार पेठेत दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, एक कॉम्प्युटर आणि पावसात गळणारा एक कोपरा. बौद्ध, मातंग, चर्मकार, मोची अशा आपल्या वस्त्यांमधलं कुणी स्वतःचा धंदा उभा करू पाहत असेल, तर त्याच्या मागे उभं राहायचं, हे आमचं काम. उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थाचा परवाना, जीएसटी, बँकेसाठी प्रकल्प अहवाल हे सगळं करून देतो. जिथे कुणीच पैसे देत नाही तिथे फिरत्या निधीतून बिनव्याजी रक्कम देतो. ती फिटली की पुढच्याचा नंबर. दिवसभर मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते, संध्याकाळी इथे येते.

‘संस्था चालवतं कोण?’ असं लोक विचारतात तेव्हा त्यांना एखादं मोठं नाव ऐकायचं असतं. आमच्याकडे तसं नाव नाही.

आमच्या अध्यक्ष म्हणजे मावशी. तीस वर्षं त्यांनी कडक भाकरी करून विकली. यजमान मिलमध्ये होते. मिल बंद पडली त्या वर्षी मावशींनी चुलीवर तवा ठेवला, तो पुन्हा उतरवला नाही. कडक भाकरीला धीर लागतो. पीठ नीट मळून भाकरी कागदासारखी पातळ थापायची आणि मग मंद आचेवर फडक्याच्या बोळ्याने दाबत दाबत तिच्यातला सगळा ओलावा काढायचा. घाई केली की मधे ओलसर राहते आणि चार दिवसांत बुरशी धरते. मावशींच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली आहेत. बायोमेट्रिक मशीन त्यांचा अंगठा घेतं, ती बोटं घेत नाही.

त्यांना वाचायला वेळ लागतो, म्हणून अर्जाचा कागद त्या बाजूला ठेवतात आणि अर्जदाराच्या घरी जातात. चहा घेतात, धंद्याची वही मागतात आणि पहिला प्रश्न हाच, “उधारी किती हाय बाहेर?” एका पोराला बँड पथकासाठी पैसे हवे होते. आम्ही कागदपत्रांवरून तो अर्ज मागे ठेवला होता, कारण लग्नसराई सोडली तर उत्पन्नच दाखवता येत नव्हतं. मावशी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “त्याच्या वहीत तीन लगीनसराईच्या सुपाऱ्या लिहिल्यात. तारखेसकट, इसारासकट. देऊन टाका की.” त्या पोराने शेवटचा हप्ता मुदतीच्या आधी आणून दिला. त्या दिवशी पावती फाडताना मला झालेला आनंद अजून आठवतो.

उपाध्यक्ष काकांचं चपलांचं दुकान आहे. होलसेलवाला कोण, कुठला माल कधी उतरतो, उधारी कुठे बुडते हे त्यांना पाठ. सचिव तरुण आहे, समाजकार्याची पदवी घेतलेला, सगळी धावपळ तोच करतो. आणि सर. सर आमच्या समाजातले नाहीत. पस्तीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झाले आणि स्वतःहून सल्लागार म्हणून आले. सल्लागाराला मतदानाचा हक्क नसावा, ही ओळ आमच्या घटनेत सरांनीच घातली. मला प्रकल्प अहवाल लिहायला त्यांनी शिकवलं. एक गोष्ट ते नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. स्टँड-अप इंडिया योजना २०१६ साली आली, दर शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीतल्या उद्योजकाला आणि एका महिलेला कर्ज द्यावं म्हणून. पण त्या योजनेची सुरुवातच १० लाखांपासून व्हायची. आमच्या दारात येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा चाळीस हजारच हवे असतात. त्याला मुद्रा योजनेचं शिशु कर्ज आहे, ५० हजारांपर्यंत, तारण नको. तरीही काउंटरवर ‘जामीनदार आणा’ असं ऐकून माणूस परत येतो. अशा वेळी सर शर्टाची बटणं लावतात आणि त्याच्याबरोबर बँकेत जातात.

आता चटणीची गोष्ट सांगते. संस्थेत मी काय शिकले ते मला या एका गोष्टीत सगळ्यात जास्त दिसतं.

आमच्यातल्या एका बाईंची शेंगा चटणी अप्रतिम. शेंगदाणे मंद भाजून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून त्या इतकं कुटायच्या की दाण्याचं तेल सुटून चटणीचा गोळा वळायचा. निधीतून त्यांना डंख, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र, घेऊन दिला. शहरातलं एक चांगलं चालणारं दुकान त्यांच्याकडून साध्या पिशव्यांत माल घेत होतं आणि गिऱ्हाईक पुन्हा मागत होतं. मग आम्ही म्हटलं, आता रीतसर करू. नोंदणी केली, लेबल छापलं. कायद्याप्रमाणे पुडीवर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतो. तो छापला. नाव, आडनाव, गल्ली, पेठ.

चौथ्या दिवशी दुकानदार म्हणाला, “सध्या माल नको.” पुढच्या आठवड्यातही नको. मग कधीच नको. चटणी तीच होती.

त्या पुड्यांची पिशवी घेऊन त्या ऑफिसात आल्या. पिशवी टेबलावर ठेवली आणि खाली बघत म्हणाल्या, “ताई, पत्ता बदलता येतो का?”

खोलीत कुणी बोलेना. मग काकांनी त्यांच्या दुकानाची गोष्ट सांगितली. त्यांच्या पाटीवर पंचवीस वर्षं फक्त एका फुलाचं नाव आहे, आडनाव कुठेच नाही. मुद्दाम. मी हिशेबाने विचार केला. एमआयडीसीत एखादा छोटा गाळा भाड्याने घ्यावा, पुडीवर तो पत्ता घालावा, धंदा वाचेल. तसं मी बोललेही. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग त्या बाईंना म्हणाल्या, “धंदा तुझा हाय. तू म्हणशील तसं. पण पोरगी मोठी झाली आन् विचारली, आई, आपलं घर पुडीवर का नाही, तर काय सांगशील तेवढं आज ठरवून ठेव.”

बाईंनी पत्ता तसाच ठेवला. ते दुकान गेलं ते गेलंच. सहा महिने विक्री निम्म्यावर होती आणि त्या सहा महिन्यांचे हप्ते आम्ही पुढे ढकलले. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सचिवाने त्यांना रस्त्यावर एक टेबल मांडून दिलं. बाहेरगावचे लोक चव बघून पुड्या नेत होते. आता दोन खानावळी आणि एक कँटीन नियमित माल घेतात. मी सुचवलेला मार्ग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, माणसाला पोट आहे. पण त्या खोलीत निर्णय घेणारे सगळे माझ्यासारखे हिशेबनीस असते, तर मावशींनी विचारलेला तो प्रश्न कुणालाच सुचला नसता.

नोटीस बोर्डावर सचिवाने एक फोटो लावलाय. अमेरिकेतल्या रिचमंड शहराची एक कृष्णवर्णीय बाई, मॅगी लीना वॉकर. मी आधी कधी नाव ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, “ताई, काळ्या लोकांच्या उद्योगांना उभं करणारी माणसं बघायची तर हिच्यापासून बघा.” तिची आई आधी गुलामगिरीत होती, पुढे लोकांचे कपडे धुवायची. लहान मॅगी ते कपडे घरोघर पोचवायची. तोंडात चांदीचा चमचा नव्हे, डोक्यावर धुण्याची टोपली घेऊनच मी जन्मले, असं ती सांगायची. तिच्या लोकांची एक परस्पर मदत करणारी संस्था होती, इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक. १८९९ साली तिचा कारभार मॅगीच्या हातात आला तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि डोक्यावर सुमारे ४०० डॉलर देणं. ते ३१ डॉलर ६१ सेंट माझ्या मनात कायमचे बसलेत. मी हिशेब हातात घेतले तेव्हा आमच्या पासबुकात दोन हजार एकशे सत्तर रुपये होते.

चार वर्षांत, १९०३ साली, तिने सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिची अध्यक्ष होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. धुणं धुणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बाया तिथे चिल्लर टाकायच्या. १९०५ साली तिने आपल्या लोकांसाठी मोठं दुकान काढलं, संचालकांत बहुतांश स्त्रिया. गोऱ्या दुकानदारांनी होलसेलवाल्यांवर दबाव आणला, हिला माल देऊ नका म्हणून. काही वर्षांत ते दुकान बंद पडलं. बँक मात्र टिकली. मोठ्या मंदीतसुद्धा इतर बँकांशी एकत्र येऊन टिकली.

सचिवाने हे सगळं सभेत वाचून दाखवलं तेव्हा मावशींनी एवढंच विचारलं, “पैसे टाकणारे कोण होते?”

“तिच्याच वस्तीतले.”

“मग इचारायला जायचं कुठं, ते ठाऊक असंल त्यांना.”

आपल्याकडच्या माणसांचं लक्ष तिकडे जुनंच आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. म्हणून हा फोटो आमच्या भिंतीवर परका वाटत नाही.

दोन वर्षांमागे एका मोठ्या माणसाकडून निरोप आला. आमच्या निधीच्या कितीतरी पट रक्कम द्यायला ते तयार होते. अट एक, अध्यक्षपद त्यांना हवं. मावशी ‘संस्थापक’ म्हणून राहतील, फोटोत राहतील. त्या रात्री आमची सभा अकरापर्यंत चालली. एरवी मत नसलेले सर त्या दिवशी खूप तळमळून बोलले. म्हणाले, “२० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे अध्यक्ष कोण होते? सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत परांजपे, खेर अशी नावं. बाबासाहेबांनी स्वतः हे केलं. बाहेरच्या वजनदार माणसाचा उपयोग होतो.”

सचिव उठून उभाच राहिला. “सर, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष कोण होते तेही सांगा. बाबासाहेब. सचिव शिवतरकर. खजिनदार निवृत्ती जाधव. मान बाहेरच्यांना दिला, कारभार आपल्यांकडे ठेवला.”

सर हसले आणि मान हलवली. मग त्यांनीच आठवण करून दिली की त्या सभेने हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ ला. औद्योगिक आणि शेतकी शाळा काढून समाजाची आर्थिक स्थिती सुधारायची, हेही त्या सभेच्या उद्देशांत लिहिलेलं होतं. आम्ही शंभर वर्षांनंतर त्याच ओळीवर बसलो होतो.

मावशी शेवटी बोलल्या. “देणगी द्यायची तर द्यावी की त्यांनी. पावती देऊ, हार घालू, सत्कार करू. खुर्ची कशाला मागतात? खुर्चीवर बसून ते कुणाच्या घरी वही बघायला जाणार हाईत?”

हात वर करून मत घेतलं. मीही नको म्हणूनच हात वर केला. देणगी आली नाही.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे सात अर्ज मंजूर होऊन पडले होते आणि निधीत तिघांपुरतेच पैसे होते. उरलेल्या चौघांना फोन करायचं काम खजिनदाराचं, म्हणजे माझं. त्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी वाट न बघता बाहेरून व्याजाने पैसे उचलले. त्या अजून फेडतायत. त्या रात्रीचा निर्णय बरोबरच होता असं मी आजही म्हणते. पण त्या ताई रस्त्यात भेटल्या की मी थांबते, त्यांचा हप्ता किती राहिला ते विचारते आणि त्यांच्या उत्तरानंतर मला पुढचं काही बोलता येत नाही. चौघांपैकी तिघांना पुढच्या वर्षी रक्कम दिली. त्या ताईंनी ती घेतली नाही. म्हणाल्या, “आता मला नको, माझ्या मागे नंबर असलेल्या मुलीला द्या.”

परवाच्या सभेत नवीन खजिनदार निवडली. तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. तिच्या वडिलांची रिक्षा आमच्याच निधीतून उभी राहिलेली. नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, त्याची फाईल मी तिला लावून दिली. ऑडिटरकडे कधी जायचं, कुठल्या पावतीची दुसरी प्रत हरवलीय आणि तिचा ठराव कुठे आहे, सगळं एका वहीत लिहून दिलं. पत्र्याच्या डब्यातली किरकोळ रक्कम तिच्यासमोर मोजली. एक हजार तीनशे चाळीस. “बरोबर आहे,” मी म्हटलं आणि सही करायला पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही. डबा स्वतःकडे ओढला, नोटा सरळ केल्या, नाणी पाच-पाचची रास करून मांडली आणि पहिल्यापासून मोजायला लागली. मावशी खुर्ची पुढे ओढून तिच्या शेजारी बसल्या. मी बाजूला उभी राहून वाट बघत होते.