तोफवाले, भाग ७ : चौथी नळी आणि तीन पेट्यांचा हिशेब

मंडळी, टेबलावरच्या युद्धखेळातल्या माझ्या छोट्या प्लास्टिकच्या तोफवाल्यांची चौथी नळी बसली! शनिवारी रात्री साडेअकराला आकृती उलटी धरून हलवली, बेस टेबलावर दोनदा आपटला, काहीही निखळलं नाही. गेल्या भागात तीन नळ्या ओळीने तुटल्याचं लिहिलं होतं, त्यानंतर बरेच दिवस ट्रे उघडायचीही इच्छा नव्हती. आता चारही तोफवाले शेजारी शेजारी उभे आहेत आणि मी येता-जाता त्यांच्याकडे बघतेय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: आकृत्यांच्या एका पेटीत पाच जणांची जड हत्यारांची तुकडी येते, सुटे भाग जोडून उभी करायची. पेटीत हत्यारं पाच, पण प्रत्येक प्रकारचं एकेकच. मला लांब नळीच्या तोफा हव्यात चार. म्हणजे आणखी तीन पेट्या. सगळे खर्च धरून एक पेटी माझ्या हातात ४,८५० रुपयांना पडली होती. तीन पेट्यांचे झाले १४,५५०. त्या बदल्यात तीन तोफा आणि नको असलेली पंधरा माणसं. हा प्रकार एकाच कंपनीचा नाही म्हणून नाव लिहीत नाही.

ही पेटी मी मामाला दाखवली. मामा भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं आहे, प्लास्टिकचे साचे बनवणं हेच त्याचं काम. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, स्प्रू (सुटे भाग जिला चिकटून येतात ती प्लास्टिकची चौकट) उजेडात धरला आणि पेपर वाचावा तसा वाचायला लागला. हा गेट, म्हणजे प्लास्टिक आत शिरायचं तोंड; ही इजेक्टर पिनची, म्हणजे भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनची खूण; हात इथे कापलाय कारण बगलेत अंडरकट येतो, म्हणजे साचा उघडताना अडकणारी खाच. नळीचं तोंड भरीव का असतं आणि आपल्याला पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) भोक का पाडावं लागतं, तेही त्याने सांगितलं. साचा दोन बाजूंना उघडतो, नळीचं भोक तिसऱ्या दिशेला; त्यासाठी सरकता कोअर (बाजूने आत-बाहेर सरकणारा साच्याचा तुकडा) घालावा लागेल आणि तो महाग.

"अगं, पैसा साचा कापायला लागतो, ओतायला नाही," मामा म्हणाला. पोलाद, सीएनसी, मग बारीक कोपऱ्यांना स्पार्किंग (विजेच्या ठिणग्यांनी कोरणं), मग पॉलिश. हे सगळं पहिला नग पडायच्या आधी. त्यानंतर एका स्प्रूमागे प्लास्टिक जातं मूठभर. म्हणून किती नग विकले जाणार, यावर सगळं गणित.

मी विचारलं, मग चार सारख्या तोफा महाग पडल्या असत्या का? मामा हसला. "उलट! पाच वेगवेगळी हत्यारं म्हणजे पाच डिझाइनं, पाच प्रोग्रॅम. एकच तोफ चारदा कापणं सोपं. जागा लागेल, पण डोकं एकदाच लागेल." म्हणजे एकेक हत्यार देणं ही साच्याची मजबुरी नाही. पेटीवर 'पाच पर्याय' छापता यावं आणि दुसरी पेटी खपावी, यासाठी कुणीतरी केलेली ती निवड आहे. माझ्या मनातली ही गाठ मामाने दहा मिनिटांत सोडवली.

याला एक जुना इतिहासही आहे. २०१० च्या शेवटी वॉरहॅमर हा युद्धखेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने शिकागोच्या कोर्टात चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या कंपनीवर दावा लावला. गेम्स वर्कशॉपच्या पुस्तकात नियम होते पण आकृती बाजारात नव्हती, अशा तुकड्यांचे भाग आणि आकृत्या चॅप्टरहाउस विकत असे. जून २०१३ मध्ये ज्यूरीने संमिश्र निकाल दिला: गेम्स वर्कशॉपला २५,००० डॉलर मिळाले, पण कितीतरी दावे ती हरली. त्यानंतरच्या पुस्तकांतून आकृती नसलेल्या तुकड्या गळत गेल्या. जे स्प्रूवर तेच नियमात, ही पद्धत तिथून घट्ट झाली असं मला ठाम वाटतं. पूर्वी नियम वाचून आपण हातांनी आकृती घडवायचो. आता पेटी बघून नियम लिहिले जातात. किटबॅश करणाऱ्यांचं (वेगवेगळ्या पेट्यांचे भाग जोडून आकृती घडवणाऱ्यांचं) यात जे गेलं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मूळ दुखण्याकडे. पहिल्या तीन नळ्या मी अख्ख्या एम-सीलच्या वळल्या होत्या. एम-सील दगडासारखं घट्ट होतं, कानस छान बसते, पण दोन मिलिमीटरची कांडी केली की खडूसारखी कटकन मोडते. पहिली कानस मारताना गेली, दुसरी प्रायमर लावताना, तिसरी डब्यातून काढताना. ग्रीन स्टफ ही शिल्पकामाची हिरवी पुट्टी वाकते, मोडत नाही, पण इथे मिळते त्या भावात नळ्या वळायला जीव धजत नाही. ती मी चेहऱ्यांसाठी राखून ठेवते. मग स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ताणला. नळी सरळ आली, पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक. चार सारख्या नळ्या अशा निघणं अशक्य.

उपाय सापडला तो औषधाच्या दुकानात. १८ गेजची सुई! बाहेरून सव्वा मिलिमीटरच्या जरा वर, पोकळ, पोलादी, सरळ. तोंडाला भोक आयतंच, जे कंपनीच्या प्लास्टिकलाही नसतं. टोक कापताना चष्मा घाला आणि तुकड्यावर फडकं धरा, तो उडतो. आत पेपरक्लिपची तार, ती तोफेच्या अंगात सहा मिलिमीटर खोल. एम-सील फक्त अंगाला आणि नळीभोवतीच्या कड्यांना. कडी वळताना बोट ओलं ठेवायचं आणि एम-सील मळल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. लगेच लावलं तर ते बोटाला चिकटून कड्यासकट वर येतं.

१ मिलिमीटरचं ड्रिल बिट बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून आणलं. सर्किट बोर्डांसाठी असतं ते. काकांनी आधी विचारलं, "किती बोर्ड आहेत ताई?" मी खिशातून तोफवाला काढून दाखवला, तर त्यांनी तो दुकानातल्या भिंगाखाली धरून नीट बघितला आणि बिटं तीन दिली, पैसे दोनचे घेतले. हॉबीचा शिक्का असलेल्या बिटांपेक्षा ही कितीतरी स्वस्त आणि धारदार, फक्त तिरकी दाबू नका. सुया, एम-सील, बिटं, तार मिळून खर्च तीनशेच्या आत.

प्रायमर ब्रशनेच लावला. श्रावणात पुण्यात स्प्रे मारणं सोडा, हवेत इतकं पाणी असतं की पृष्ठभाग पिठासारखा होतो.

चार तोफा असण्याचा एवढा हट्ट कशाला, हीच बंदूक तोफ समज, असं आमच्या रविवारच्या गटात दोघांनी सुचवलं. त्यांची हरकत नाही, मला आहे. समोरच्याला खेळभर लक्षात ठेवावं लागतं, आणि टेबलाकडे बघून लढाई कळायला हवी.

किमतीवर थोडं अजून, कारण हिशेबाची वही उघडीच आहे. गेम्स वर्कशॉप नॉटिंगहॅममध्ये स्वतः डिझाइन करते, स्वतः ओतते, स्वतःच्या ५०० हून जास्त दुकानांतून विकते. डिसेंबर २०२४ मध्ये ती एफटीएसई १०० मध्ये, म्हणजे लंडनच्या शेअर बाजारातल्या सर्वात मोठ्या शंभर कंपन्यांत गेली, आणि २०२४-२५ चा करपूर्व नफा २६ कोटी पौंडांच्या वर. माल उत्तम आहे, त्यांच्या प्लास्टिकची धार मला आजही कुठे दिसत नाही. पण त्याच नॉटिंगहॅममध्ये पेरी बंधू आहेत, ज्यांनी अनेक वर्षं गेम्स वर्कशॉपसाठीच शिल्पं घडवली. त्यांच्या वॉर्स ऑफ द रोझेसच्या (पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीच्या) पायदळ पेटीत ४० माणसं येतात, आणि डोकी वर उरतात. तीच फ्रेम पुन्हा पुन्हा टाकून ते साच्याचा खर्च पसरवतात. हेच मामा म्हणत होता! शहर तेच, हात तेच, मग दर माणशी किंमत इतकी वेगळी का, याचं बरंचसं उत्तर विक्रीच्या धोरणात आहे.

आणि खरा खर्च आकृतीत नसतोच. गेम्स वर्कशॉपच्या वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती २०१७, २०२०, २०२३ अशी तीन-तीन वर्षांनी आली, की सैन्याचं पुस्तक पुन्हा घ्या. मधल्या काळात पॉइंट्स, म्हणजे प्रत्येक तुकडीची खेळातली किंमत, बदलतात. तुकडी स्वस्त झाली की सैन्याचे २,००० पॉइंट्स भरायला आणखी माणसं लागतात. २०२२ मध्ये त्यांच्याच सिटाडेल रंगांतले शेड (खाचांत उतरणारे पातळ रंग) २४ मिलिलिटरवरून १८ वर आले. त्यांचे साधे रंग १२ मिलिलिटरच्या उघड्या डबीत, झाकणाशी सुकणारे. मी कधीच ड्रॉपरच्या बाटल्यांवर गेलेय, १७-१८ मिलिलिटर आणि थेंब मोजता येतो.

आपल्याकडे यावर आयात शुल्काची भर. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. आणि डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरियरने शुल्क न भरता भेट म्हणून सोडवायच्या वस्तूंना बंदी आली, अपवाद राखी आणि जीवरक्षक औषधांचा. लंडनच्या आतेभावाची पार्सलं तेव्हापासून थांबली.

म्हणून गटाने वन पेज रूल्स या दुसऱ्या नियमावलीवर जायचं ठरवलंय. मूळ नियम फुकट, कुठल्याही कंपनीची आकृती चालते. पुढच्या भागात या तोफवाल्यांचे हात मॅग्नेटवर घेणार होते, ३ बाय १ मिलिमीटरचे चकतीवाले, म्हणजे लिस्ट (खेळात उतरवायच्या सैन्याची यादी) बदलली तरी नवी पेटी नको.

पण हे लिहिता लिहिता मन भलतीकडेच गेलंय. एम-सीलची कडी एवढी नीट वळता येतात, तर त्याच पेरीच्या पेटीतून उरलेल्या डोक्यावर पगडी का नाही? दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं कुंभारवाड्यातून दरवर्षी आणतो, ती आपल्या मापाला फार मोठी. २८ मिलिमीटरचे मावळे हवेत मला. ढाल म्हणजे एक फुगीर चकती, पट्टा म्हणजे ठोकून चपटी केलेली पेपरक्लिप. पाय आणि कपडे बरेच कापावे लागतील, त्याची भीती आहेच.

मॅग्नेट थांबू देत. मघाशी उठून एक सुटं डोकं टाचणीवर खोचलं आणि त्याभोवती पाच वेढे दिले. तिसरा वेढा जाड झालाय, डाव्या कानावर उतरलाय. वाटीखाली झाकून ठेवलंय, सकाळी कानस मारून बघते.