रोड बाइकसाठी लेटेक्स ट्यूब आणि त्यात थोडे सीलंट

लेटेक्सची ट्यूब नाजूक असते आणि ती केवळ शर्यतीच्या दिवशी वापरावी, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की महागडी रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, घेणारी माणसेसुद्धा चाकात ब्यूटाइलचीच ट्यूब ठेवतात. माझे मत वेगळे आहे. बाभळीचे काटे आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून निघून महामार्गाच्या कडेला पसरलेल्या बारीक पोलादी तारा यांमुळे ज्यांची चाके वारंवार पंक्चर होतात, त्यांनी तर लेटेक्सची ट्यूब वापरावीच आणि तिच्यात थोडे सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, घालावे.

ब्यूटाइल हे १९३७ साली अमेरिकेत शोधले गेलेले कृत्रिम रबर असून हवा धरून ठेवण्यात ते फार सरस आहे. लेटेक्सची ट्यूब नैसर्गिक रबराची, पातळ आणि अतिशय लवचीक असते. चाक फिरताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सतत दबतो आणि पूर्ववत होतो; त्यात उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा लेटेक्समध्ये बरीच कमी असते. त्यामुळे दोन चाकांत मिळून काही वॉट वाचतात आणि खडबडीत डांबरावर सायकल अधिक मऊ चालते. हवा मात्र रात्रभरात सहज १०-१५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरते, म्हणून रोज सकाळी पंप मारावाच लागतो.

सीलंट हेही बहुधा द्रव लेटेक्सच असते आणि त्यात बारीक तंतू किंवा कण मिसळलेले असतात. तार घुसली की ट्यूबचे लेटेक्स ताणले जाऊन तिच्याभोवती घट्ट बसते, त्यामुळे छिद्र लहान राहते, आणि लहान छिद्र बुजवणे हेच सीलंटचे खरे काम आहे. ९०-१०० पीएसआय दाब असताना ते लगेच बुजेलच असे नाही. बरेचदा दाब निम्म्यावर आला की गळती थांबते, मग जपून थोडी हवा भरून घरी येता येते. टायरला चीर गेली असेल किंवा खड्ड्यात आपटून ट्यूब रिमवर चेपली गेली असेल, तर सीलंटचा उपयोग नाही; म्हणून सोबत ब्यूटाइलची एक सुटी ट्यूब असावीच.

ट्यूब घेताना व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे त्याचा आतला सुटा भाग, निघतो का, हे आधी पाहावे. तो काढून सुईविना सिरिंजने २० ते ३० मिलिलिटर सीलंट सोडावे. हवा भरताना व्हॉल्व्ह अगदी तळाशी ठेवू नये, नाहीतर सीलंट तिथे साचून तो चिकटतो. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, त्यामुळे काही महिन्यांनी नवे घालावे लागते. छिद्रातून बाहेर आलेले सीलंट ट्यूबला टायरच्या आतल्या बाजूस चिकटवते. टायर काढताना घाईने ओढले, तर चांगली ट्यूब फाटते.

बसवताना ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावावी, तिच्यात किंचित हवा भरावी आणि टायरची शेवटची कड लिव्हर (टायर काढण्या-चढवण्याची पट्टी) न लावता हातानेच चढवावी. रिमच्या आतल्या बाजूची छिद्रे झाकणारी रिम टेप अखंड नसेल, तर ट्यूब फटीत शिरून फुटते. कार्बन रिमवर रिम ब्रेक, म्हणजे थेट रिमवर घासणारे ब्रेक, असतील, तर घाट उतरताना रिम अतिशय तापते आणि लेटेक्स ती उष्णता सोसत नाही. अनेक चाकनिर्मातेही अशा चाकांत लेटेक्स वापरू नये असे बजावतात. त्या सायकलींना माझा सल्ला ब्यूटाइलचाच आहे.