जॉइंट खातं तर आधीही निघत होतं

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने खुलासा केला, की समलिंगी जोडप्यांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. मला व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनं आली. मी बँकेतच अधिकारी, त्यामुळे हसू आलं. आडकाठी होती कधी? अहो, खोली शेअर करणारे दोघंसुद्धा जॉइंट खातं काढतात. माझं आणि माझ्या जोडीदाराचं तर जुनंच आहे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवावं, एक गेला तर उरलेल्याने.

तरी त्या पत्रकाची प्रिंट मी फाइलला लावलीय. कारण आधीचं सगळं ऐकलंय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालू असताना गृहखातं म्हणायचं कलम हवं, आणि त्याच सरकारची एड्स नियंत्रण यंत्रणा म्हणायची, या कलमापायी लोक लपून राहतात, आमचं काम अडतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केलं, तर सरकारच फेरविचार मागायला गेलं. २०१८ मध्ये नव्या सरकारने न्यायालयावर सोपवून हात झटकले. २०२३ मध्ये लग्नाचा विषय निघाला, तेव्हा मात्र ही म्हणे शहरी उच्चभ्रूंची मागणी! आमच्या घरातले उच्चभ्रू बार्शीचे, एसटी कंडक्टरचे चिरंजीव. चहात खारी बुडवत म्हणाले, "अण्णांना कळवायला पाहिजे."

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्न नाकारलं गेलं, पण अशा जोडप्यांच्या हक्कांसाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं सरकारने कबूल केलं होतं. एका रेशनकार्डावर दोघांची नावं, हे बँकेचं पत्रक, ही त्यानंतरची कमाई.

खरी गाठ पुढे आहे. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात कुटुंब म्हणजे जोडीदार नव्हे. पती किंवा पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. आई माझ्यावर अवलंबून होती, तोवर ग्रॅच्युइटीच्या नॉमिनीच्या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म एफवर, दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं असतं तर ते बादच. ती गेल्यावर याचं नाव लिहिता आलं. कुटुंब निवृत्तिवेतन तर त्याला मिळणारच नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात पडतील, हक्क वारसांचा. यावरून झालेली भांडणं मी काउंटरपलीकडून पाहिलीत.

म्हणून मृत्युपत्र केलं. कायद्याने माझी वारस ताई, तर तिलाच साक्षीदार केलं, उद्या भाच्यांनी कुरकूर करायला नको. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "माझ्या नावाने काहीच नाही? बरं, सही कुठं करू?"