टाचणवहीचं उजवं पान

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थी आपल्या गुरुजनांचे आभार मानतात. मलाही ते मानायचे आहेतच. पण या शाळेतून बाहेर पडल्यावर मीही शिक्षकच झालो, आणि आमच्या सर-बाईंचं खरं कौतुक कशासाठी करायचं ते नोकरीत आल्यावर कळलं. वर्षानुवर्षं तेच वर्ग, तेच पाठ, तरी निवृत्तीपर्यंत त्यांचं शिकवणं शिळं झालं नाही. हे त्यांनी कसं साधलं, ते नीट लिहून ठेवावं असं वाटतं. आज स्टाफरूममध्ये नोकरीला पाच-सात वर्षं झालेली, मनापासून शिकवणारी माणसंही 'आता पूर्वीसारखं मन लागत नाही' म्हणतात. त्यांना सेवाभावावर भाषण ऐकवून काही उपयोग होत नाही.

शिक्षकाचं मन कामाच्या ओझ्याने उडतं, असं सगळे म्हणतात. ओझं आहेच. पण आपण शिकवलं ते पोरांपर्यंत पोचलं की नाही हे दिसतच नसेल, तर मन त्याहून लवकर उडतं. घंटा होते, आपण पुढच्या वर्गावर जातो, आणि मुलांना काय कळलं ते घटक चाचणीत समजतं. तोवर तो धडा मागे पडलेला असतो. आमच्या शिक्षकांच्या सवयी पाहिल्या, तर बहुतेक सगळ्या ही दरी कमी करणाऱ्या होत्या.

गणिताच्या सरांच्या टाचणवहीत, म्हणजे रोजच्या पाठाची तयारी लिहायच्या वहीत, डाव्या पानावर नेहमीचं सगळं असे: घटक, उद्दिष्टं, साहित्य, स्वाध्याय. उजवं पान कोरं. तास संपला की उभ्या उभ्या त्यावर तीन ओळी लिहायच्या: मुलं कुठे अडली, चुकीचं उत्तर नेमकं काय आलं, पुढच्या वर्षी काय बदलायचं. 'मुलांना समजले नाही' ही नोंद निरुपयोगी, कारण पुढच्या वर्षी ती वाचून काहीच करता येत नाही. चुकीचं उत्तर जसंच्या तसं हवं.

उदाहरणार्थ १/२ + १/३ = २/५. ही चूक दरवर्षी वर्गात येतेच. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारं मूल निष्काळजी नसतं. त्याला अपूर्णांक ही एक संख्या दिसत नाही, वर-खाली मांडलेल्या दोन संख्या दिसतात. त्याला लगेच लसाविची रीत दिली तर तो रीत पाठ करतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा २/५ लिहितो. सर आधी विचारत, "२/५ मोठे की १/२?" पाचातले दोन म्हणजे निम्म्याहून कमी, हे मुलं सांगत. मग निम्म्यात आणखी भर घातली आणि निम्म्याहून कमी कसं उरलं? वर्ग गप्प होई. त्यानंतर चौकटीच्या वहीतली बारा घरांची पट्टी निघे. निम्मी म्हणजे सहा घरं, तिसरा हिस्सा म्हणजे चार घरं, मिळून बारातली दहा, म्हणजे ५/६. इथे भाकरी चालत नाही. अर्धी, पाव भाकरी घरोघरी मोडतात, पण तिचे तीन सारखे भाग कोणी करत नाही, त्यामुळे मुलाला १/३ डोळ्यांसमोर आणता येत नाही. बारा घरं घ्यायची कारण बाराचे दोन, तीन, चार आणि सहा सारखे भाग होतात. अशी पानं साठत गेली की तोच पाठ दहाव्यांदा शिकवतानाही शिक्षकाकडे विचारायला काहीतरी नवं असतं. मला वाटतं, त्यांच्या उत्साहाचा सगळ्यात मोठा साठा त्या उजव्या पानांत होता.

वह्या तपासण्याचं तसं नाही. तिथे उत्साह आटतो. हिशेब करा. पन्नासचा पट, एका वहीला दोन मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं. असे तीन वर्ग असले तर पाच तास. हे रोज होणं शक्यच नाही. म्हणून न वाचता 'पाहिले' लिहून सही होते, आणि मनापासून काम करणाऱ्याला ती सही आतून खात राहते. आमच्या बाई रोज वर्गातली एकच रांग घेत, दहा वह्या. तीन वर्गांच्या तीस वह्या साठ मिनिटांत होतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या दोन ऑफ, म्हणजे मोकळ्या, तासांत बसतात, आणि पाच दिवसांत प्रत्येक वही एकदा नीट वाचली जाते. बाकीच्या वह्या मुलं अदलाबदल करून फळ्यावरून तपासतात. रांगेचा वार मात्र ठरवून ठेवायचा नाही. मंगळवारची रांग मंगळवारीच तेवढं नीटनेटकं लिहिते! रोज सकाळी उरलेल्या रांगांतून चिठ्ठी काढायची. आणि लाल पेनाने बरोबर उत्तर लिहून द्यायचं नाही. जिथे पाय घसरला त्या पायरीखाली नुसती रेघ मारायची. दुरुस्ती मुलाने करायची.

तिसरी गोष्ट एकमेकांच्या तासाला बसण्याची. दोन शिक्षकांचे ऑफ तास वेगवेगळ्या वेळी येतील अशी सोय वेळापत्रक करतानाच मुख्याध्यापकांनी करावी लागते, नंतर ते जुळत नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्याने एकच प्रश्न घेऊन बसायचं, तोही शिकवणाऱ्यानेच दिलेला. उदाहरणार्थ, 'प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते?' अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. घड्याळ लावून पाहा, तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. या भेटीला तपासणीचा फॉर्म जोडू नका. फॉर्म आला की नमुना पाठ, म्हणजे दाखवण्यापुरता बसवलेला पाठ, होतो, आणि नमुना पाठातून कुणी काही शिकत नाही.

अशैक्षणिक कामांबद्दल शिक्षकांच्या मनात राग आहे आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना शिक्षकांना लावायची मुभा आहे. त्याच कायद्यात शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह किमान ४५ तासांचा धरला आहे, पण ती तयारी कोणत्या वेळात करायची हे शाळेने ठरवलं नाही तर ती घरी रात्री होते किंवा होतच नाही. पोषण आहाराची नोंद रोजच्या रोज लागते. यू-डायस म्हणजे शाळेची माहिती सरकारकडे भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारच्या दुरुस्त्या मात्र दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात, महिन्याच्या पाळीने एकाने कराव्यात. पहिल्या दोन तासांत कार्यालयाची सूचनावही वर्गात फिरवू नये. शिकवण्याची लय तुटली की ती त्या तासात परत लागत नाही.

आपल्याकडच्या वर्षाची चालही धरावी लागते. सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत हजेरी निम्मी असते. त्या दिवसांत नवा घटक काढला तर तो दोनदा शिकवावा लागतो. ते दिवस उजळणीचे. उसाच्या हंगामात या पट्ट्यात येणाऱ्या तोडणी मजुरांची मुलं मधूनच वर्गात येऊन बसतात. त्यांच्यासाठी मागच्या इयत्तेची चार-पाच कार्यपत्रकं आधीच तयार हवीत, नाहीतर शिक्षकही चिडतो आणि मूलही निघून जातं.

शिक्षकाकडे आधी लक्ष द्यायची समज या मातीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल उभं राहिलं, पण त्याच्या आधी, १९३५ मध्येच, त्यांनी शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं होतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून महोत्सवाच्या निधीबद्दल एक विनंती. कमान आणि रंगमंच होतीलच. त्यातला थोडा भाग बाजूला काढून आठवड्यातले काही तास बदली शिक्षकाचं मानधन द्यावं, म्हणजे प्रत्येक शिक्षकाला सहकाऱ्याच्या तासाला बसायला एक तास मोकळा मिळेल. जे माजी विद्यार्थी कोरेगाव-साताऱ्यात राहतात आणि ज्यांना गणित, विज्ञान किंवा इंग्रजी घेता येतं, त्यांनी असा एखादा तास मानधनाशिवाय घ्यायला काय हरकत आहे? जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आधी मुख्याध्यापकांकडे नाव, विषय आणि जमणारा वार द्यावा. शनिवारी सकाळची शाळा असते, नोकरदारांना तो सोयीचा पडेल. माझं नाव मी दिलं आहे.