एक लेथ, पंच्याण्णव हजार आणि अनुभवाचा दाखला

बेळगावचं तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत आलात की मागच्या गल्लीत फौंड्रीच्या काळ्या वाळूचा ढीग पडलेला असतो. त्याच्या अलीकडं आमचं लेथकामाचं शेड. बोर्ड लहान आहे. मोठा करू म्हणता म्हणता एवढी वर्षं गेली. पोरगा म्हणतो, लिहा बाबा, नव्या गिऱ्हाइकांना कळू दे आपण कोण ते. म्हणून लिहितो.

मी आयटीआय टर्नर. सहा वर्षं एका मिस्त्रींच्या हाताखाली काढली. पहिलं वर्षभर त्यांनी लेथला, म्हणजे लोखंड गोल फिरवून कापायच्या मशीनला, हात लावू दिला नाही, नुसतं ग्राइंडरवर टूल घासायला लावलं. एचएसएस, म्हणजे कडक पोलादाच्या टूलचा कोन चुकला की ते काही बोलायचे नाहीत, टूल उचलून सरळ भंगाराच्या डब्यात टाकायचे.

१९९७ साली पंतप्रधान रोजगार योजनेतून कर्ज काढलं. १९९३ च्या गांधी जयंतीला सुरू झालेली ही योजना. वय अठरा ते पस्तीस, घरचं उत्पन्न वर्षाला २४,००० च्या आत, तारण नको. तारण नको हे कागदावर. बँकेतले साहेब म्हणाले, घराचा उतारा आणून ठेव, नुसता बघायला. तो बघायला घेतलेला उतारा पाच वर्षांनी परत मिळाला. कर्ज ९५,००० चं. सबसिडी पंधरा टक्के, म्हणजे सव्वाचौदा हजार येणार असं मी आईला सांगून बसलेलो. पुढं बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलंच नव्हतं, जास्तीत जास्त ७,५००. वाचणार तरी कसं? फॉर्म कन्नडात, माझी शाळा मराठी. तो फॉर्म भरून दिला मिस्त्रींकडं पंपाचे बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या) न्यायला येणाऱ्या बैलहोंगलच्या एका सावकारांनी. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं सावकार म्हणतो.

त्या पैशातून पंजाबातल्या बटाल्याचा सेकंडहँड सहा फुटी लेथ घेतला. जुन्या लेथचं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. चक म्हणजे जॉब पकडणारा भाग, त्याच्याजवळच्या वीतभर जागेत खालचा बेड झिजलेला असतो, तिथं जॉब घेतला की टेपर येतोच, एक टोक जाड, एक बारीक. नवा बेड घ्यायची ऐपत नव्हती. निळा रंग लावून, स्ट्रेट एज फिरवून, रोज रात्री दोन तास स्क्रेपर चालवला. दोन महिने. बोटांची कातडी गेली, पण टेपर गेला. मितुतोयोचा मायक्रोमीटर घेतला तो अजून टेबलाच्या खणात तेलाच्या फडक्यात आहे. शून्य हललेलं नाही. आजची पोरं डिजिटल व्हर्नियरवर बेअरिंगची सीट मोजतात आणि मग रिजेक्शन आलं की कास्टिंगला दोष देतात.

किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आमच्या बेळगावात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. १९१० ला ते किर्लोस्करवाडीला गेले. इथं राहिलेल्यांचं कोण लिहितो?

आता मुख्य गोष्ट. २००५ साली जवळच्या खेड्यातला एक पोरगा आला. दहावी झालेला, हात चांगला. मला मामा म्हणायचा. बोअरिंग बार धरायचा कसा इथपासून मी शिकवलं, आणि शिकताना त्यानं जो माल वाया घालवला तो सगळा माझ्या खिशातून. २०११ ला म्हणाला, मामा, अनुभवाचा दाखला पाहिजे, बँकेत लागतोय. मी लेटरहेडवर लिहून दिला. वर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, किती धरायचा तेही मीच सांगितलं.

२००८ ला जुनी योजना दुसऱ्या एका योजनेत मिसळून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम झाला होता. कारखान्याला तेव्हा पंचवीस लाखांपर्यंत. शहरात कमी अनुदान, खेड्यात जास्त, आणि बाईच्या नावावर खेड्यात पस्तीस टक्के. त्यानं शेड गावाकडं टाकलं आणि अर्ज बायकोच्या नावानं केला. हिशेब करा, पावणेनऊ लाख. स्वतःचे पाच टक्के, सव्वा लाख. ते अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून असतं, पण तेवढ्या रकमेवर व्याज नाही. त्याच्या बायकोनं चक आणि फेसप्लेट यातला फरक सांगितला तर मी मिशा काढीन. नियमात सगळं बसत होतं, हे मान्य करतो.

त्याच्याकडं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आला. एका फौंड्रीचं बेअरिंग हाऊसिंग मी नगाला साडेसोळा रुपयांनी करत होतो. माझ्या कामातलं निम्म्याहून जास्त तेच. त्यानं पावणेचौदाचा रेट टाकला. फौंड्रीवाल्यांनी मला फोनसुद्धा केला नाही, टेम्पो यायचा बंद झाला एवढंच. चार लेथपैकी तीन बंद. सीआय बोरिंग, म्हणजे लेथवर निघालेला बिडाचा चुरा, विकून लाइटबिल भरायचे दिवस आले. दिवाळीत सहा पोरांना घरी पाठवलं. त्यातला एक रडला, बाकीचे नुसते डबा घेऊन गेले. पुढं कुठंतरी ऐकलं, त्याच्या शेडमध्ये आठ जणांना रोजगार निर्माण झाला अशी नोंद झाली. माझ्याकडले सहा गेले ते कुठल्या रकान्यात लिहिले? बायकोच्या पाटल्या त्याच महिन्यात गेल्या. त्या परत आल्या नाहीत, वजनानं तेवढ्याच दुसऱ्या आल्या.

डिसेंबरात सावकार आले. शेडमध्ये आवाज नाही म्हणून दारातच थांबले. मी सगळं सांगितलं, जरा चढवूनच सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "इरलि बिडो, असू दे सोड. तुझा मिस्त्रीपण तुझ्याबद्दल असंच म्हणत होता की." मला राग आला. मिस्त्री मी सोडल्यावर दोन वर्षं माझ्याशी बोलले नव्हते, हे खरं. पण मी त्यांचं गिऱ्हाईक तोडलं नव्हतं. सावकार आपणहून माझ्याकडं आले होते, तेही नंतर. असो. जाताना त्यांनी गनमेटलच्या चारशे बुशांची ऑर्डर दिली आणि बंडीच्या आतल्या खिशातून काढून साठ हजार टेबलावर ठेवले. पावती मागितली नाही. ते बुश मी स्वतः उभा राहून काढले, एकही परत आला नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम होतं, केलं. लॉकडाऊन सगळ्यांनाच होता.

नव्या पोरांनो, विचारलं नाही तरी सांगतो. एका गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त काम ठेवू नका. सबसिडी बघून मशीन घेऊ नका, हातात ऑर्डर बघून घ्या. सबसिडी एकदाच येते, हप्ता दर महिन्याला येतो. आणि दोन पगारांएवढे पैसे घरच्यांनाही न सांगता बाजूला ठेवा.

हल्ली कामाला पोरं मिळत नाहीत, दाखला मागणारी मिळतात. कर्नाटकात बेकार पोरांसाठी युवा निधी आहे, पदवीवाल्याला महिना ३,०००, डिप्लोमावाल्याला १,५००. आयटीआयवाल्याला काही नाही, म्हणजे ज्याच्या हाताला काळं लागतं त्यालाच नाही. २०२४ ला महाराष्ट्रानं सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे पैसे जाहीर केले, आयटीआयला महिना ८,०००. जाहिरात मराठीत, त्यामुळं आमची पोरं मोबाइल घेऊन पळत आली. मामा, हे आपल्याला आहे काय? तिथं महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो. शिनोळीच्या कारखान्यात रोज सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यालाही तो कुठनं मिळणार?

गेल्या खंडेनवमीला मशीनला हार घालत होतो, तेव्हा तो माझ्याकडं शिकून गेलेला पोरगा येऊन गेला. केस पिकलेत. त्याच्याकडं शिकलेलाही एक पोरगा मशीन टाकायला निघालाय म्हणे, शेजारच्याच गल्लीत. पेढा घेतला, बटाल्याच्या लेथवर हात फिरवला, बेड अजून सरळ आहे काय विचारलं. मी आहे म्हटलं. बाकी बोलणं झालं नाही.

परवा माझ्याकडचा एक टर्नर दारात उभा राहिला. कर्जाचं चालू आहे, मामा, अनुभवाचा दाखला पाहिजे, पाच वर्षांचा लिहा. हजेरीचं रजिस्टर काढून बघितलं. साडेतीन होत होती. साडेतीनच लिहिली. शिक्का मात्र ठळक मारला.