आमची वाटचाल: आवाजाचा माग काढताना

गोव्यातल्या फोंड्यात आमचा धंदा सुरू झाला तो माइक-स्पीकर भाड्याने देण्यापासून. जत्रेतली नाटकं, भजनी स्पर्धा, लग्नं. नवीन बांधलेल्या हॉलमध्ये नाटक असलं की एक गोष्ट हमखास खटकायची. पुढच्या रांगेत नटाचं वाक्य दोनदा ऐकू यायचं, मागे सगळा गलबला. "जरा वाढवा हो," आयोजक म्हणायचे. वाढवलं की घुमणंही वाढायचं. खोट भिंतींत आहे हे कळलं, आणि तिथून आम्ही ध्वनिशास्त्राकडे वळलो.

हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून प्रयोग करून सूत्र मांडलं: आवाज किती वेळ रेंगाळणार हे हॉलचं घनफळ आणि आतलं शोषण यांवर ठरतं. पण नेमकी कुठली भिंत त्रास देते, हे त्या सूत्रातून दिसत नाही. त्यासाठी संगणकावरचं सिम्युलेशन लागतं. नकाशावरून त्रिमिती मॉडेल बनवायचं, प्रत्येक पृष्ठभाग आवाज किती शोषतो आणि किती विखुरतो ते भरायचं, मग रंगमंचावरून आवाजाचे हजारो किरण सोडायचे.

सत्तरी तालुक्यातल्या एका सभागृहाची मागची भिंत नकाशात गोलाकार होती. संगणकाच्या पडद्यावर तिच्यावरून परतलेले किरण थेट तिसऱ्या रांगेत गोळा झालेले दिसले. मूळ आवाजापेक्षा चाळीस मीटर जास्त प्रवास, म्हणजे सुमारे ११५ मिलिसेकंद उशीर. बोलण्यात पहिल्या ५० मिलिसेकंदांतली परावर्तनं शब्दाला बळ देतात. एवढं उशिरा आणि जोरात आलेलं परावर्तन वेगळा प्रतिध्वनी होऊन ऐकू येतं. आम्ही भिंत तिरक्या तुकड्यांत मोडली, फळ्यांमागे रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी खनिज लोकर, घातलं. रंगमंचावरचं छत मात्र मुद्दाम टणक ठेवलं, कारण शब्द मागे पोचवायचं काम तेच करतं.

सगळीकडे गालिचा आणि फोम लावायला आमचा ठाम विरोध असतो. त्याने वरचे स्वर मरतात, पखवाजाचा घुमारा तसाच राहतो, आणि गोव्याच्या पावसात बुरशी धरते ती वेगळीच. संगीत नाटकाला थोडी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, हवीच.

खालच्या स्वरांत किरणांचा हिशेब तोकडा पडतो, म्हणून काम झाल्यावर प्रत्यक्ष मोजमाप घेतल्याशिवाय आम्ही हॉल ताब्यात देत नाही.

सध्या एका देवस्थानचा सभामंडप हातात आहे: समोरासमोर सपाट भिंती, घोटीव लादी, टाळी वाजवली की तडतड. जुन्या लाकूडकामाला हात लावायचा नाही, ही कमिटीची अट आम्हालाही पटलेली आहे. त्यामुळे एकाच भिंतीवर फळ्या बसवून काय होतं, ते मॉडेलमध्ये तपासणं चालू आहे.